नवी दिल्ली स्टेशनवर ‘स्टॅम्प’ मागणाऱ्यांपासून सावध राहा

दिल्ली विमानतळावरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोने वीसेक मिनिटांत नवी दिल्ली गाठता येते. मेट्रो झकास आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती सोडते अजमेरी गेटच्या बाजूला, जमिनीखाली. तिथून वर येऊन रेल्वे स्टेशनात शिरेपर्यंतच्या टप्प्यात गिऱ्हाईक हेरलं जातं. बॅगेला विमानाचा टॅग लोंबत असतो, त्यामुळे नवखा माणूस लांबूनच कळतो.

आई, आत्या आणि मी दुपारच्या जनशताब्दीने हरिद्वारला निघालो होतो. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एकाने आम्हाला दारातच अडवलं. मोबाइलवरचं ई-तिकीट बघून म्हणाला, “इस पे स्टॅम्प नहीं है, अंदर नहीं जाने देंगे.” वर म्हणे, फेब्रुवारी 2025 मध्ये याच स्टेशनवर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर नियम कडक झालेत. 18 माणसं गेली हो त्यात! त्यांच्या नावावर धंदा करायला यांची जीभ रेटते कशी?

रिक्षा तयारच होती, भाडं फक्त वीस रुपये. कनॉट प्लेसजवळच्या एका ‘टुरिस्ट ऑफिसा’त नेलं. तिरंगी पाटी, भिंतीवर भारताचा नकाशा, कॉम्प्युटरपुढे टापटीप साहेब. त्याने पीएनआर टाकल्यासारखं केलं आणि गाडी रद्द झाल्याचं सांगितलं. आत्या म्हणाली, “चौकशीला फोन लावा.” त्याने स्वतःच्या फोनवरून लावून दिला. पलीकडूनही तेच उत्तर आलं. तोही त्यांच्यातलाच, दुसरं काय! मग हरिद्वारपर्यंत टॅक्सी, साडेचौदा हजार, निम्मे आगाऊ. दोन म्हाताऱ्या बायका आणि तीन बॅगा घेऊन परक्या शहरात कुठे वाद घालणार? पैसे भरले.

मेरठच्या अलीकडे मोबाइलवर पाहिलं, तर जनशताब्दी वेळेवर सुटलेली. ऑफिसात फोन केला, तर “बुकिंग हो गया, रिफंड नहीं.”

ई-तिकिटाला कसलाही शिक्का लागत नाही. मोबाइलवरचं तिकीट आणि मूळ ओळखपत्र टीटीईला दाखवलं की झालं. गाडीची चौकशी आपल्याच फोनवरून 139 ला करा, नाहीतर गाड्यांची वेळ दाखवणारं रेल्वेचं एनटीईएस अ‍ॅप बघा. परदेशातून कोणी येणार असेल तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा. परदेशी पर्यटकांचं तिकीट केंद्र स्टेशनातच, पहाडगंजच्या बाजूला पहिल्या मजल्यावर आहे. ते ‘बंद पडलंय’ असं सांगून पाहुण्यांना याच दुकानांत नेतात. मेट्रोतून वर आलात की 16 नंबर प्लॅटफॉर्मच्या बाजूने सरळ आत जा, आणि काही विचारायचंच असेल तर ते गणवेशातल्या आरपीएफवाल्याला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला.