प्रलयाची घंटा: मेडन की मेटॅलिका?

अणुयुद्धावरचं मेटल (म्हणजे हेवी मेटल, रॉक संगीताचा दणदणीत प्रकार) आधी कुठलं ऐकू, असं भाचा विचारतोय. त्याच्यापुढे 1984ची दोन गाणी आहेत.

आयर्न मेडन या बँडच्या 'टू मिनिट्स टू मिडनाइट'चं नाव थेट प्रलय-घड्याळावरून घेतलंय. जग विनाशाच्या किती जवळ आलंय हे दाखवणारं हे प्रतीकात्मक घड्याळ; त्यात बारा वाजणं म्हणजे विनाश. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनंतर 1953मध्ये अमेरिकेतल्या अणुशास्त्रज्ञांच्या नियतकालिकाने काटा बाराला दोन मिनिटांवर आणला होता. गाणं आलं तेव्हा तो तीनवर होता, म्हणजे धोका काही टळला नव्हता. शब्द स्वच्छ कळतात, कोरस लगेच तोंडी बसतो आणि युद्धाचा धंदा करणाऱ्यांवरचा राग पोचतो.

मेटॅलिका या बँडचं 'फाइट फायर विथ फायर' हळुवार गिटारने सुरू होतं, मग सुसाट सुटतं, स्फोटात संपतं. शब्द पकडायला मेहनत पडते, पण भीती अंगावर येते.

मेटल नवीन असेल, अर्थ हवा असेल तर मेडन. वेग झेपत असेल तर बेधडक मेटॅलिका.