वापरलेला कॅमेरा नवा म्हणून गळ्यात मारला, ३७,२०० रुपये गेले. कॉम्पॅक्ट कॅमेरा घेणाऱ्यांनी वाचाच

राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे तिखट लिहिलं जाईल. घरी पूर्ण आकडा मी आत्ता आत्ता सांगितला, आधी "थोडेफार जास्त गेले" एवढंच म्हणत होते, कारण मी पतसंस्थेत हिशोब बघते, बिलं-व्हाउचर-जीएसटी यातच माझा दिवस जातो, आणि "तू? तू फसलीस?" हे ऐकायची तयारी नव्हती. पण ज्या पद्धतीने हे केलं ती बघता कुणीही फसेल. पहिला कॅमेरा घेणारा तर हमखास.

आम्ही नाशिकचे. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जायची सवय लागली, २०२० मध्ये रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, निफाड तालुक्यात. पक्षी म्हणाल तर रोहित (फ्लेमिंगो), चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या, वारकरी तर शेकड्याने. मोबाईलने काढलं की रोहित म्हणजे नुसता पांढरा ठिपका. डीएसएलआर आणि मोठी लेन्स माझ्या खांद्याला झेपणारी नाही (दुखणं जुनं आहे), म्हणून पर्समध्ये मावेल असा, म्हणजे कॉम्पॅक्ट, पण लांबचं दिसेल असा कॅमेरा हवा होता.

आणि मी अभ्यास न करता गेले नव्हते, हे आधीच सांगते. ऑनलाइन पाच-सहा हजारात "४८ मेगापिक्सेल, फोर-के, १६ एक्स झूम" म्हणून जे डबे मिळतात त्यांना झूमची लेन्सच नसते, तो १६ एक्स म्हणजे डिजिटल झूम, काढलेला फोटो कापून मोठा करून दाखवायचा, हे मला माहीत होतं. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखर पुढे-मागे सरकतात. बॉक्सवर "ऑप्टिकल" हा शब्द नसेल तर तो कॅमेरा हातात पण घेऊ नका. मेगापिक्सेलवर जाऊ नका, सेन्सर (फोटो टिपणारी आतली चिप) केवढा ते बघा. कॅननच्या जी७ एक्स मार्क थ्रीला एक इंची म्हणतात तो सेन्सर आहे, १३.२ बाय ८.८ मिलीमीटर, कमी उजेडात चांगला, पण झूम ४.२ एक्सच, म्हणजे १०० एमएमपर्यंत (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), पक्ष्यांना काय कामाचा. कॅननच्याच एसएक्स ७४० एचएसला सेन्सर छोटा, साधारण ६.२ बाय ४.६, पण ४० एक्स ऑप्टिकल, २४ ते ९६० एमएम. मला फोटो सकाळच्या उन्हात काढायचे होते, घरात दिव्याच्या उजेडात नाही, त्यामुळे छोटा सेन्सर चालणार होता. एसएक्स ७४० ठरला. २०१८ चं मॉडेल आहे पण माझ्या गरजेला बरोबर बसत होतं. निवड आजही चूक वाटत नाही. घोळ निवडीत झालाच नाही.

नाशकात एकाने मागवून देतो म्हणून ३९,००० सांगितले. मुंबईत फोर्टकडच्या एका दुकानाने फोनवर ३१,५०० सांगितले, "सील पॅक मॅडम, लास्ट पीस है, पाँच हजार डाल दो तो रख देता हूँ". यूपीआयने ५,००० टाकले. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि वकील असलेल्या मेहुण्यांनी लिहू नको म्हणून सांगितलंय.

मुंबईला गेले. दुकान दिसायला व्यवस्थित होतं. काचेची कपाटं, एसी, चहा विचारला. मी संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने परत जाणार हे बोलता बोलता त्यांनी काढून घेतलं आणि मग तासभर "गोडाऊनसे आ रहा है" चाललं, हे मुद्दाम होतं हे आता कळतंय, गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागलं की मगच बॉक्स बाहेर येतो. बॉक्स आला, उघडला, कॅमेरा बाहेर. बॅटरी? चार्जर? "मॅडम वो तो बॉडी ओन्ली का रेट था."

इथेच. इथेच उठायला हवं होतं. बॉडी ओन्ली हे डीएसएलआर किंवा मिररलेसचं प्रकरण आहे, जिथे लेन्स वेगळी विकतात. कॉम्पॅक्टची लेन्स निघतच नाही, त्याला बॉडी ओन्ली असं काही अस्तित्वातच नाही, आणि डीएसएलआरच्या बॉडीबरोबरसुद्धा कंपनी बॅटरी-चार्जर देतेच. म्हणजे माझ्याच बॉक्समधली बॅटरी आणि चार्जर काढून मलाच ३,२०० ला विकले. पण त्या वेळी समोर तिघे उभे, तिघेही एकसारखं बोलतायत, शेजारी एक "गिऱ्हाईक" पण मान डोलावतंय (तो त्यांचाच असणार, मला आता खात्री आहे), ५,००० आधीच अडकलेले, गाडीची वेळ जवळ आलेली. शब्द ओळखीचा होता, यूट्यूबवर शंभरदा ऐकलेला, म्हणून खरा वाटला. कुणी "बॉडी ओन्ली" म्हणालं की ॲडव्हान्स सोडून द्या आणि बाहेर पडा. ५,००० बुडालेले परवडतात.

मग ६४ जीबीचं मेमरी कार्ड १,८५०. स्क्रीनगार्ड आणि "लेन्स फिल्टर" ६५०. या कॅमेऱ्याला फिल्टर लावायला आटेच नाहीत! काचेची एक चकती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवून दिली होती, पहिल्यांदा लेन्स आत गेली तेव्हाच अडकायला लागली म्हणून मी घरी काढून टाकली.

एकूण ३७,२००. बँकेच्या कार्डवर दोन टक्के जास्त लागतील म्हणाले म्हणून २०,००० यूपीआय आणि १२,२०० रोख दिले, ती रोख गेली ती कुठेच दिसत नाही. कार्डने पैसे द्या, दोन टक्के गेले तर जाऊ देत.

आणि अजून एक क्षण, जो रात्री झोप लागू देत नाही. त्यांनी मेमरी कार्ड माझ्यासमोर पाकिटातून फोडून घातलं, कॅमेरा चालू केला, माझाच एक फोटो काढून दाखवला. स्क्रीनवर नंबर आला १००-२९१४. कोऱ्या कार्डवर पहिला फोटो आणि नंबर २९१४. कॅमेरा आधीचा आकडा लक्षात ठेवून पुढे मोजतो, म्हणजे आधी किमान २९१३ फोटो कुणीतरी काढलेले. मी विचारलं. विचारलं नाही असं नाही! "कंपनी में टेस्टिंग होता है मॅडम, हर पीस का." तीन हजार फोटोंचं टेस्टिंग? पण तो इतक्या सहज बोलला. शिवाय नवा कॅमेरा पहिल्यांदा चालू केला की तारीख, वेळ विचारतो, याने काहीच विचारलं नाही, थेट चालू झाला आणि तारीख बरोबर होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्हाला आता माहीत झालं. कॅमेरा स्वतःच्या हाताने चालू करा, दुकानदाराला करू देऊ नका.

बिल मी मागितलं. हे ठासून सांगते कारण प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो. छापील बिल दिलं, ३१,५०० चं, जीएसटी धरून, वरच्या ५,७०० चं काही नाही, "ॲक्सेसरी का बिल नहीं आता". कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे, बिलावर तो व्यवस्थित फोड करून दाखवला होता, दुकानाचा १५ अंकी जीएसटी नंबर होता, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होणारा. रोज असे नंबर बघणाऱ्या माणसाला शंका यावी असं त्यात काहीच नव्हतं. घरी येऊन पोर्टलवर टाकला तर रजिस्ट्रेशन रद्द झालेलं. म्हणजे कर माझ्याकडून घेतला आणि तो सरकारला जाणारच नव्हता. बिलावर कॅमेऱ्याचा सिरियल नंबर पण नव्हता, ही चलाखी तर पुढे फारच महागात पडली. सिरियल नंबर नसेल तर ते बिल कुठल्याही कॅमेऱ्याचं असू शकतं. लिहून घ्या, नाही लिहिला तर पैसे देऊ नका.

बॉक्सवर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष याचं स्टिकर लागतं, बाहेरून आलेल्या पॅकबंद मालाला कायद्यानेच लागतं. माझ्या बॉक्सवर ती जागा खरवडलेली आहे.

नांदूरला पहिल्याच सकाळी झूम पूर्ण केला तर प्रत्येक फोटोत उजवीकडे वर एक काळपट डाग. आभाळात डाग, पाण्यात डाग, रोहिताच्या मानेवर डाग. अशा लांब झूमच्या कॉम्पॅक्टमध्ये लेन्स आत-बाहेर होताना धूळ खेचली जाते आणि सेन्सरवर बसते, घरी पुसता येत नाही, आख्खं लेन्स युनिट उघडावं लागतं. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने शांतपणे सांगितलं की हा पीस भारतात विकायला आलेलाच नाही, वॉरंटी नाही, दुरुस्तीचे ७,८०० होतील. दुकानाने दिलेलं "इंटरनॅशनल वॉरंटी" कार्ड म्हणजे त्यांनीच छापून शिक्का मारलेला कागद. मेमरी कार्डचं तर विचारूच नका, भाच्याने एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने तपासलं, ६४ लिहिलंय आणि खरी जागा ८ जीबीपण नाही, त्यापुढचे फोटो उघडतच नाहीत. नवं कार्ड घेतलं की पहिल्या दिवशी हे करा, ट्रिपवरून आल्यावर नाही.

दुकानाला फोन केला तर म्हणाले, ले आओ, ९,००० में वापस ले लेंगे. एवढी हिंमत!

आता सरकारी अनुभव. आमच्या भागातल्या चौकीत गेले तर, "घटना मुंबईची, तिकडे जा." १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असली तरी माहिती घ्यायची असं स्पष्ट आहे, मी प्रिंट घेऊन गेले होते, त्यांनी ती वाचायला पण घेतली नाही. मुंबईत गेले, पूर्ण दिवस रजा टाकून, तिथे बाकावर बसवून ठेवलं आणि शेवटी एक साहेब म्हणाले, "ताई, कॅमेरा तुमच्या हातात आहे ना, फोटो निघतायत ना, मग फसवणूक कसली? हे दिवाणी आहे." जुना माल नवा म्हणून विकणं, रद्द झालेल्या नंबरवर बिल देणं, हे दिवाणी? मग भारतीय न्याय संहितेतलं कलम ३१८ फसवणुकीसाठी ठेवलंय ते कशाला? वर सल्ला काय, तर "एवढा महागडा घ्यायचाच कशाला, मोबाईल आहे की." मी काय घ्यावं हे विचारायला गेले होते का? अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा माणूस जेवायला गेलेला. तो येईपर्यंत बसून राहिले आणि पोच घेऊनच निघाले. बॉक्सवरच्या खरवडलेल्या स्टिकरसाठी आणखी एका ऑफिसात गेले, तिथे बाई म्हणाल्या बॉक्स जमा करा, मी म्हटलं पावती द्या, तर पावती देता येत नाही. पुरावा हातातून सोडून पावती पण नाही! नाही दिला. मूळ कागद आणि बॉक्स कुणालाही देऊ नका, झेरॉक्स आणि फोटो द्या. रद्द जीएसटी नंबरची माहिती ऑनलाइन दिली, ती "निकाली" झाल्याचा मेसेज आला, काय निकाल लागला ते कुठेच लिहिलेलं नाही. एका माणसाने बनावट बिलं फाडत राहायचं आणि ज्याने पकडून दिलं त्यानेच दारोदार फिरायचं, रजा त्याच्या, गाडीभाडं त्याचं, आणि प्रत्येक टेबलावर "तुम्ही बघून नाही का घेतलं" हे पण त्यानेच ऐकायचं. बघून घेतलं हो! बिल मागितलं, नंबर विचारला, अजून काय करायचं असतं माणसाने?

ग्राहक आयोगाचं मात्र लिहिते कारण हे कुणी सांगत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, मुंबईला जायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील सक्तीचा नाही. दोन वर्षांच्या आत करायची. त्याआधी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवून नंबर घेऊन ठेवा, कागदावर काहीतरी असलेलं बरं.

मी तक्रार टाकली. दुकानाला गेलेली नोटीस "पत्त्यावर सापडले नाहीत" असा शेरा मारून परत आली. दुकान चालू आहे. भाच्याच्या फोनवरून चौकशी केली तर तोच आवाज, एसएक्स ७४० आहे का विचारलं, "है ना, सील पॅक, लास्ट पीस." आता मालकाच्या नावाने, घरच्या पत्त्यावर दुसरी नोटीस काढावी म्हणून अर्ज दिलाय, तारीख पुढच्या महिन्यातली आहे, मी जाणार. तोवर कुणाला त्या बाजूला कॅमेरा घ्यायला जायचंच असेल तर निघायच्या आधी फोनवर जीएसटी नंबर मागा, पोर्टलवर टाकून बघा, आणि बॅटरी, चार्जर धरून रेट व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. लिहून द्यायला टाळाटाळ केली तर तिकीट पण काढू नका.