गच्चीवरचं सोलार, वर्ष झालं: बिल उतरलं, कुरडया शेजारी गेल्या

आमची गच्ची बावीस बाय तीस. त्यातली निम्मी 2025च्या जानेवारीपासून सोलारची आहे. साडेपाचशे वॅटची सहा पॅनल, म्हणजे तीन किलोवॅटच्या थोडं वर. लातूरचा उन्हाळा, पावसाळा आणि सोयाबीनच्या राशीची धूळ, सगळं बघून झालं, म्हणून आता लिहिते.

आधी पैशाचं, कारण विचारणारे तेच विचारतात. एकूण 1,95,000 गेले. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटला 78,000 सबसिडी मिळते, ती खात्यावर आली. म्हणजे घरातून गेले 1,17,000. आधी महिन्याला दोनशे-सव्वादोनशे युनिट, बिल बावीसशेच्या आसपास. आता स्थिर आकार आणि किरकोळ काही धरून दीडशे-दोनशे येतं. पाच वर्षांत पैसे वसूल होतील. पॅनल पंचवीस वर्षं चालतात म्हणे. पॅनलची वीज घरी वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही, मध्ये एकदा तरी बदलावा लागणार. तो खर्च विकणारा धरत नाही, तुम्ही धरा.

बसवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. काम स्वच्छ केलं, पण नेट मीटरच्या (आपण घेतलेली आणि तारेवर परत दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरच्या) कागदावर एक सही राहिली आणि महिनाभर आमची वीज मोजल्यावाचून गेली. आणि लाईट गेली की सोलारही बंद होतं, हे त्यानं सांगितलंच नाही. एप्रिलात भर दुपारी लाईट गेली. डोक्यावर सहा पॅनल रखरखीत उन्हात, आणि खाली आम्ही वारा घालत बसलेलो. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला आपल्या विजेचा शॉक बसू नये म्हणून तशी सोय असते. बरोबरच आहे. पण आधी सांगा की! बॅटरीवालं वेगळं मिळतं, आणि महाग मिळतं.

पर्यावरणाचा मुद्दा घरात आमच्या ह्यांचा. 2013 साली पाण्यावाचून परळीचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीजकेंद्र, बंद ठेवावं लागलं, 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, हे त्यांचं पाठच आहे. कोळशाच्या विजेला पाणी लागतं, आपल्याकडं पाणीच नाही, मग उन्हाची वीज आपण नाही करायची तर कुणी? यावर मला उत्तर नव्हतं, अजूनही नाही. वर्षात 3,880 युनिट झाली. कोळशाच्या विजेच्या युनिटामागं सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तरी पावणेतीन टन कमी झाला, हे त्यांनी कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलंय.

पण पॅनल धुवायलाही पाणीच लागतं ना. ऑक्टोबरात आसपास मळणीयंत्रं फिरली की पॅनलवर भुश्शाचा थर बसतो, दिवसाची युनिटं बारावरून नवावर येतात. बोअरच्या पाण्यानं धुतलं तर क्षाराचे पांढरे डाग पडतात आणि ते निघता निघत नाहीत. मी पहाटे, काच थंड असताना, नळाच्या दोन बादल्या घेते, फडकं ओलं करून पुसते, पाइप लावत नाही. निथळलेलं पाणी पन्हाळीखाली कढीपत्त्याला जातं.

आणखी एक. घराच्या पश्चिमेला कडुलिंबाचं झाड आहे, सासऱ्यांनी लावलेलं. दुपारी तीननंतर त्याची सावली दोन पॅनलांवर येते. बसवणारा म्हणाला, "ताई, फांद्या उतरवा, नाहीतर झाडच काढा, युनिट वाढतील." पर्यावरणासाठी झाड तोडायचं! आत्याबाईंनी त्याला चहा दिला आणि पुन्हा हा विषय काढू नको म्हणून सांगितलं. हिवाळ्यात दिवसाला एखादं युनिट बुडत असेल. बुडू दे.

खरं भांडण झालं ते वाळवणावरून. आमच्याकडं मार्चपासून गच्ची बायांची. पापड, कुरडया, सांडगे, बाजरीच्या खारोड्या, वर्षाची तुरीची दाळ, मिरच्या. मी घरगुती ऑर्डरीही घेते, चाळीस-पन्नास किलोच्या. पॅनलं दक्षिणेला, ऊन जिथं चांगलं लागतं तिथंच, आणि माझी जागाही तीच होती. उरलेल्या भागात टाकी आणि जिन्याची खोली. बसवणाऱ्यानं तोडगा काढला, बावीस हजार जास्त द्या, आठ फूट उंच सांगाडा करतो, खाली गच्ची मोकळी. मी विचारलं, "खाली ऊन कुठून येणार?" सावलीत घातलेला चीक वाळत नाही, आंबतो. हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. मुळात उन्हानं वाळवण करणं हेही बिनविजेचंच काम, पण त्याला कोणी सबसिडी देत नाही.

शेवटी पाचातले साडेतीन तारे देते. एक तारा विकण्याच्या पद्धतीचा कापला. आमच्या वापराला दोन किलोवॅट पुष्कळ होतं. त्याला सबसिडी 60,000, पण जागा एक तृतीयांश कमी गेली असती. तीनची सबसिडी सगळ्यात जास्त म्हणून सगळ्यांना तीनच सांगतात. उरलेला अर्धा आमच्या घरचा: एप्रिलात लेकानं एसी आणला. "वीज फुकटच आहे की, आई." वर्षाचा वापर अडीच हजारांवरून तेहेतीसशे युनिटांवर गेला. उरलेली युनिटं वर्षाअखेर वीज कंपनीला अगदी कमी दरानं जातात, त्यापेक्षा वापरलेली बरी, असं त्याचं म्हणणं. हिशोबानं त्याचं बरोबर आहे, म्हणून आणखीच राग येतो.

गेल्या मे महिन्यात खारोड्या मी शेजारच्या वहिनींच्या गच्चीवर घातल्या. परवा तोच माणूस टेप घेऊन त्यांच्याकडं आला होता. मी त्यांना सांगितलंय, दोनच किलोवॅट घ्या, आणि जिन्यापुढची बाजू मोकळी ठेवा.