आप्पांच्या मेडलची नोंद करून देतो म्हणून एकानं ६३,५०० नेले, तुमच्या घरी फौजी असेल तर वाचा

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं, कारण आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते आवडणार नव्हतं. आता तेच म्हणाले लिही, फक्त गावाचं नाव टाकू नको. रेजिमेंटचंही टाकत नाही, कारण चूक रेजिमेंटची नाहीच.

आप्पा १९६८ ला भरती झाले, १९८५ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. ७१ च्या लढाईत पूर्वेकडं होते, आगरतळ्याच्या बाजूनं आताच्या बांगलादेशात गेलेल्यांत. मेघना नदी किती रुंद ते आम्हाला लहानपणापासून पाठ आहे, कृष्णेच्या पुरात किती कृष्णा टाकल्या की मेघना होते हा त्यांचा हिशोब दर पावसाळ्यात ऐकायचा. घरात त्यांचा एक फोटो आहे, ब्लॅक अँड व्हाइट, छातीवर रिबन आहेत. खरी मेडलं मात्र घर पाडून बांधलं तेव्हा कुठं गेली कुणालाच माहीत नाही, आई म्हणते ट्रंकेत होती, काका म्हणतात ट्रंकच नव्हती.

डिसेंबर २०२१ ला लढाईला ५० वर्षं झाली म्हणून तालुक्याला माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. तिथं नाव पुकारताना प्रत्येकाची मेडलं वाचून दाखवत होते. आप्पांच्या नावापुढं फक्त सैन्य सेवा आणि २५ वा स्वातंत्र्य दिन एवढंच वाचलं. 'पूर्वी स्टार' नाही, संग्राम मेडल नाही, म्हणजे ७१ च्या लढाईची दोन्ही मेडलं नाहीत. ज्यांनी नाव वाचलं त्यांची काय चूक, त्यांनी डिस्चार्ज बुकाची, म्हणजे फौज सोडताना मिळणाऱ्या सेवेच्या वहीची, झेरॉक्स बघून लिहून घेतलं होतं आणि बुकात मेडलच्या कॉलमला खरंच दोनच नावं होती. इतकी वर्षं ते पान कोणी नीट बघितलंच नव्हतं. आप्पा शाल घेऊन खाली आले आणि गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "म्हणजे मी तिथं नव्हतोच." घरी येऊन जेवले नाहीत.

हे आधी सांगतोय कारण नंतर सगळे मला म्हणाले की पैशाच्या लोभानं फसला. पैशाचा विषय फार नंतर आला हो. आधी ते एक वाक्य होतं.

ज्यानं फसवलं तो माणूस मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत भेटला. फेब्रुवारी २०२२. आप्पा महिन्याला सामान आणायला जातात, रांगेत गप्पा होतात, आप्पांनी कुणाला तरी सत्काराचं सांगितलं आणि मागं उभा असलेला हा बोलला की साहेब ही तर कॉमन केस आहे, त्या काळात युनिट मूव्हमध्ये होत्या, पार्ट टू ऑर्डर (नोंदीचा लेखी हुकूम) निघायची पण बुकात चढायची नाही. ऐका हं, हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. असं होतं. त्यामुळं आप्पांना तो आपला वाटला. स्वतःला माजी सुभेदार, रेकॉर्डला, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात, क्लार्क होतो असं सांगायचा.

पुढच्या रविवारी घरी आला. मी भोसरीत कंपनीत आहे, सुट्टीला गावी आलेलो, म्हणजे मी समोर होतो, हे लपवत नाही. दारात बूट काढले ते टाचेला टाच लावून भिंतीकडेला ठेवले, आईनं कपबशीत चहा आणला तर म्हणाला वहिनी, मोठा मग असेल तर त्यात द्या. आप्पा खूश. अर्धा तास नुसतं युनिट, पोस्टिंग, लंगर. मग पिशवीतून कागद काढला आणि पेननं आकडेमोड केली. महिन्याला २,००० रुपये अलाउन्स, गुणिले १२, गुणिले ५० वर्षं, १२ लाख. खाली दोन रेघा मारल्या.

आता ही मेख नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक या एका ठिकाणी आहे. २,००० हा आकडा खोटा नाही. सेना मेडल शौर्यासाठी मिळालं असेल तर महिन्याला २,००० मिळतात, ऑगस्ट २०१७ पासून, त्याआधी १,००० होते. वीर चक्राला ७,०००, परमवीर चक्राला २०,०००. मी त्याच्यासमोरच मोबाईलवर बघितलं, २,००० दिसले, मी गप्प. पण हे शौर्य पदकांचं आहे, ज्यांची नावं गॅझेटमध्ये छापून येतात. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल ही त्या लढाईत त्या भागात ड्युटी केली म्हणून सगळ्यांना मिळालेली मेडलं. संग्राम मेडल तर ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात सीमेकडच्या ठरावीक राज्यांत ज्यांची ड्युटी होती त्यांना आहे. त्याला मान आहे, पण महिन्याला अलाउन्स एक रुपयाही नाही, आणि एरियर्स तर नाहीच नाही. मला हा फरक माहीत नव्हता. आप्पांना माहीत असावा, पण ते आकड्याकडं बघतच नव्हते, ते एवढंच विचारत होते की बुकात नाव चढेल ना.

त्या दिवशी ३,५०० दिले, फाईल चार्ज. आणि सगळ्यात मोठी चूक, ओरिजिनल डिस्चार्ज बुक दिलं. तो म्हणाला नोंद ओरिजिनलवरच होते, झेरॉक्सवर शिक्का कसा मारणार. ऐकायला किती बरोबर वाटतं बघा. फॉर्म मीच लॅपटॉपवर भरून दिला, त्याला म्हणे इंग्रजी टायपिंग जमत नाही.

एप्रिलमध्ये फोन, दिल्लीला मेडल सेक्शनला फाईल गेलीय, तिथल्या माणसाचे १८,००० द्यावे लागतील. मी म्हटलं लाच कशाला द्यायची, तर सरळ म्हणाला मग राहू द्या, बुक मात्र फाईलला लागलंय, ते आता फाईल बंद झाल्याशिवाय सुटत नाही. आप्पा त्या दिवशी घाबरले. फौजीला डिस्चार्ज बुक म्हणजे काय असतं हे घरच्यांना कळतं, ते गेलं की माणसाला पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं. आप्पांनी मला न सांगता फिक्स मोडून १८,००० पाठवले. मला पुढच्या महिन्यात कळलं, भांडण झालं, आणि भांडणामुळं उलट मी विचारणं बंद केलं. त्याचं मला वाईट वाटतं.

जुलैमध्ये व्हॉट्सॲपवर लेटर आलं, पीडीएफ. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, सही. पूर्वी स्टार आणि संग्राम मेडलची नोंद मंजूर, १२ लाख एरियर्स मंजूर, टॅक्सचे ४२,००० आधी भरावेत, आणि एक अकाउंट नंबर. आप्पांनी ते गावातल्या नेट कॅफेतून प्रिंट काढून आणलं, देवघरात ठेवलं, आणि ४२,००० भरले. मला फोन करून वाचून दाखवलं. आवाजात इतका आनंद मी आई बरी होऊन दवाखान्यातून आली तेव्हा ऐकला होता.

शनिवारी गावी गेलो, लेटर हातात घेतलं. वाचत होतो आणि पत्त्यावर अडकलो. कोरेगावचं, म्हणजे तालुक्याचं, स्पेलिंग. फॉर्म भरताना घाईत माझ्याकडून जी च्या जागी एच पडला होता, नंतर लक्षात आलं होतं पण म्हटलं चालतंय. लेटरवर तोच एच. आता बघा, आप्पांचा पत्ता रेकॉर्डला १९६८ पासून आहे, तिथं तो बरोबर आहे, पेन्शनच्या कागदावर पण बरोबर आहे. जगात कोरेगाव असं चुकीचं फक्त मी लिहिलंय, त्या एका फॉर्मवर. म्हणजे ज्यानं लेटर बनवलं त्याच्यासमोर फक्त माझा फॉर्म होता. मला घाम फुटला, खरंच, पंख्याखाली.

सोमवारी आप्पांना घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक. लेटर बघून हसायला लागले, मग आप्पांचं तोंड बघून थांबले. म्हणाले, "आप्पा, माझ्याकडं ऑपरेशन विजयचा स्टार आहे, कारगिलचा. मला त्याचा एक रुपया मिळत नाही. मिळत असता तर मी इथं कशाला बसलो असतो." मग त्यांनी जे सांगितलं ते लिहितो, कारण हेच आम्हाला फेब्रुवारीत कुणी सांगायला पाहिजे होतं.

नोंद दुरुस्तीचा अर्ज आपल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो, दिल्लीला नाही, प्रयागराजला तर नाहीच, प्रयागराज पेन्शनचं आहे. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगाव, बॉम्बे सॅपर्सचं खडकी, तोफखान्याचं नाशिक रोड, रणगाडेवाल्यांचं नगर. साधा अर्ज, आर्मी नंबर, रँक, नाव, कोणत्या काळात कुठल्या युनिटमध्ये होतो, सोबत डिस्चार्ज बुक आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या कागदाची) झेरॉक्स, आधार. रजिस्टर पोस्टानं. सैनिक कल्याण कार्यालय तो अर्ज फॉरवर्ड करून देतं, फुकट. उत्तर येत नसेल तर आरटीआय टाका, १० रुपये फी, स्वतःच्या सर्व्हिसची माहिती मागायची, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हरवलेलं मेडल परत हवं असेल तर तो अर्ज वेगळा, दोन्ही एकत्र करू नका, आम्ही केलं होतं, परत पाठवलं.

त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० या नंबरला, फोन केला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर पहिले काही तास महत्त्वाचे असतात, आमचे चार दिवस झाले होते. तरी ४२,००० मधले ११,००० त्या अकाउंटला सापडले, होल्ड झालेत, अजून हातात आलेले नाहीत. बाकीचं गेलं. ३,५०० रोख होते, त्याची पावतीसुद्धा नाही.

एक सांगायचं राहिलं, मधे त्यानं आप्पांना ओटीपी पण मागितला होता. त्या वर्षी पेन्शनी स्पर्श या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर जात होत्या, तो म्हणाला लॉगिन करून देतो. नशीब की त्या दिवशी आप्पांच्या फोनची बॅटरी गेली होती. लॉगिन त्याच्या हातात गेलं असतं तर बँक अकाउंट बदलायला काय लागतंय, महिन्याची पेन्शनच तिकडं गेली असती.

बुक परत मिळालं, ते कसं ते ऐका. सप्टेंबरमध्ये एक अनोळखी फोन. शहरातला झेरॉक्सवाला. म्हणाला एक माणूस प्लास्टिकच्या पिशवीत कागद ठेवून गेला, येतो म्हणाला, दोन महिने आला नाही, आतल्या एका वहीत मागच्या पानावर हा नंबर आहे. तो नंबर माझ्या मुलीनं लहानपणी आजोबांच्या बुकात पेन्सिलनं लिहिला होता, त्यावरून तिला मी रागावलो पण होतो. गेलो तर पिशवीत आप्पांच्या बुकाबरोबर आणखी तीन डिस्चार्ज बुकं. एक तर १९६२ ला भरती झालेल्यांचं, पानं इतकी मऊ झालेली की उलटायला भीती वाटावी. ती तिन्ही मी सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन दिली. त्यातल्या दोघांच्या घरच्यांनी पोलिसात काही दिलंच नव्हतं. लाजेनं. एकांनी तर घरात सांगितलंही नव्हतं.

आणि आता मुद्द्याचं. आम्ही सरळ मार्गानं अर्ज केला तो ऑगस्टमध्ये, रजिस्टर पोस्टाचे किती लागले तेवढाच खर्च. मार्चमध्ये खरं लेटर आलं. साधा कागद, टाईप थोडं तिरकं, सिंहबिंह काही मोठे नाहीत. लिहिलं होतं की मूळ सर्व्हिस रेकॉर्डमध्ये पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल दोन्हीची नोंद आहे. म्हणजे रेकॉर्डला आप्पा तिथं होतेच, ५० वर्षं, शाईत. फक्त १९८५ ला बुक लिहिताना कॉलममध्ये दोन ओळी उतरवायच्या राहिल्या होत्या. ज्या नोंदीसाठी आम्ही ६३,५०० दिले ती कुठं गेलीच नव्हती.

देवघरातलं खोटं लेटर मी काढायला गेलो तर आप्पांनी आधीच काढलं होतं, पोलिसांना दिलेल्या कॉपीबरोबर फाईलला लावलंय. खरं लॅमिनेट करून फोटोखाली आहे. पण एक वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. मी म्हणतो तो कधी फौजेत नव्हताच, कुठून तरी चार शब्द ऐकून पाठ केलेले. आप्पा मान हलवतात. म्हणतात, शब्द पाठ करता येतात रे, बूट तसे ठेवता येत नाहीत.