हेबिअस अर्ज फेटाळला: फेरविचार, अपील की नवा अर्ज?

अमेरिकेतल्या फेडरल कैद्याचा हेबिअस अर्ज (कैद किंवा शिक्षा बेकायदा आहे म्हणून न्यायालयाकडे केलेला अर्ज) जिल्हा न्यायालयाने फेटाळला की घरचे लगेच अपिलाची तयारी सुरू करतात. आधी आदेश नीट वाचा. अर्ज कलम २२४१ खाली होता की २२५५ खाली, आणि तो पुन्हा दाखल करायची मुभा ठेवून फेटाळलाय की कायमचा, यावर पुढचं सगळं ठरतं.

२२४१ चे अर्ज बहुतेक शिक्षेच्या अंमलबजावणीचे असतात. फर्स्ट स्टेप ॲक्टचे क्रेडिट (तुरुंगातल्या कार्यक्रमांत भाग घेतल्याबद्दल मिळणारी सूट) कमी मोजले, सुटकेची तारीख चुकली, अशी तक्रार असते. त्यातले बरेच अर्ज फेटाळले जातात ते तुरुंगातली तक्रारप्रक्रिया पूर्ण न केल्यामुळे. बीपी-९ फॉर्म वॉर्डनकडे, बीपी-१० विभागीय कार्यालयात, बीपी-११ मुख्यालयात, ही ती साखळी. मुभा ठेवून फेटाळलं असेल तर मी अपिलाच्या वाटेला जाणार नाही. फॉर्म पूर्ण करून नवा अर्ज करायचा. त्याची फी ५ डॉलर, अपिलाची ६०५. शिवाय अपील रेंगाळून मधेच सुटका झाली तर प्रकरणच निरर्थक ठरू शकतं.

२२५५ मध्ये, म्हणजे मूळ शिक्षेलाच आव्हान देणाऱ्या अर्जात, मात्र नवा अर्ज हा सापळा आहे. एक वर्षाची मुदत बहुधा संपलेली असते, आणि दुसऱ्या अर्जाला सर्किट कोर्टाची, म्हणजे अपील ऐकणाऱ्या वरच्या फेडरल न्यायालयाची, आगाऊ परवानगी लागते. पहिल्याचं अपील चालू आहे म्हणून दुसरा अर्ज त्यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रिव्हर्स खटल्यात तेच सांगितलं. इथे खरी निवड फेरविचार आणि अपील यांच्यात.

न्यायाधीशांनी एखादा मुद्दा पाहिलाच नसेल तर फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम ५९(ई) खाली फेरविचार मागा. मुदत २८ दिवस, वाढवून मिळत नाही. वेळेत केलेल्या या अर्जामुळे अपिलाची मुदत त्याच्या निकालानंतर सुरू होते, आणि बॅनिस्टर खटल्यानंतर (२०२०) तो ‘दुसरा अर्ज’ही धरला जात नाही. तेच जुने मुद्दे पुन्हा उगाळायला मात्र तो वापरू नका.

न्यायाधीशांनी मुद्दा पाहिला, पण कायदा चुकीचा लावला, तर अपील. मुदत ६० दिवस. २२४१ मध्ये फेडरल कैद्याला ते थेट करता येतं. २२५५ मध्ये सर्टिफिकेट ऑफ अपिलेबिलिटी, म्हणजे अपील करायची परवानगी, लागतं. जिल्हा न्यायालयाने ते नाकारलं तर सर्किट कोर्टाकडे मागता येतं, पण त्या नकारावर फेरविचार मागितल्याने ६० दिवस लांबत नाहीत. अर्ज तांत्रिक कारणावर गेला असेल तर स्लॅक खटल्याप्रमाणे (२०००) दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: तांत्रिक निर्णय वादग्रस्त आहे, आणि मूळचा घटनात्मक दावाही. अनेक जण पहिल्यावर पानंच्या पानं लिहितात आणि दुसऱ्याला हातच लावत नाहीत.

२२५५ बंद म्हणून २२४१ ने शिरायचा प्रयत्न फसला असेल, तर २०२३ च्या जोन्स निकालाने ती वाट जवळजवळ बंद केल्यावर त्या अपिलात फारसा जीव नाही, असं माझं मत.

मुदतीबाबत कोणाच्या शब्दावर विसंबू नका, न्यायाधीशांच्यासुद्धा. बोल्स खटल्यात (२००७) न्यायाधीशांनी अपिलाची मुदत पुन्हा उघडताना १४ ऐवजी १७ दिवस दिले. कैद्याने त्या १७ दिवसांत अपिलाची नोटीस दिली, तरी अपील बाद झालं. आणि कैद्याला सांगा, नोटीस तुरुंगाच्या लीगल मेलमधूनच टाकायची. शेवटच्या दिवसापर्यंत तिथे सोपवली की ती वेळेत धरतात, मग कोर्टात कधीही पोचो. सोबत तारीख आणि भरलेलं टपाल नमूद करणारं सहीचं निवेदन जोडायचं.