म्हापशाची किराईताची जुडी आणि दुकानातली डबी

पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, खरेदीला मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेले होते. मिरच्या झाल्या, सोलं झाली, आणि निघताना गोणपाटावर वाळकं किराईत, तो कडू औषधी पाला, मांडून बसलेली एक म्हातारी दिसली. जुडी 60 रुपये. मी घासाघीस करायला तोंड उघडलं, तर तिने एक पान मोडून माझ्या हातावर ठेवलं. "चाबून पळे गो, मागीर घे." आधी चावून बघ, मग घे. चावलं. आधी काहीच नाही, नुसता सुका पाला. मग जिभेच्या मुळाशी जो कडूपणा उठला, तो डिचोलीच्या बसमध्ये अस्नोडा आलं तरी हटेना. पैसे मुकाट दिले होते ते बरंच केलं.

घरी आधीची एक डबी होती. शहरातल्या एका दुकानातून घेतलेली, 100 ग्रॅम पूड, 180 रुपये. तिच्यावर मराठीत 'काडेचिराईत' आणि हिंदीत 'कालमेघ' असं छापलंय. आता ही दोन वेगळी झाडं! कालमेघ म्हणजे आपलं परसातलं हिरवं किराईत. काडेचिराईत हिमालयात होतं, त्याचं कुळही निराळं. दोन्ही कडूजहर, तेव्हा पूड केल्यावर जिभेने काय ओळखणार? डबीत नक्की काय आहे ते मला आजही ठाऊक नाही. शास्त्रीय नाव नाही, नुसतं पान की मुळासकट अख्खं झाड ते नाही. 'कोणताही दुष्परिणाम नाही' एवढं मात्र ठळक अक्षरांत आहे.

जुडीत लपवायला जागाच नसते. दांडी बोटांत फिरवली की चार कडा लागतात. टोकाला बारीक, टोकदार बोंडं, थेट अबोलीच्या बोंडांची आठवण करून देणारी. अबोली, अडुळसा आणि किराईत एकाच कुळातली, त्यामुळे ते साम्य उगाच नाही. माझ्या जुडीत थोडी माती निघाली आणि मुळाशी बुरशीचा एक ठिपका. तेवढा भाग कापून टाकला, बाकी उन्हात घातलं. गुण कापायचेच तर एवढ्याचे कापते.

आई चार काड्या रात्री पेलाभर पाण्यात टाकायची आणि सकाळी गाळून द्यायची, तापात किंवा पावसाळ्यात पोट बिघडलं तर, तेही दोन-तीन दिवसच. नंतर गुळाचा खडा मिळायचा, आम्ही त्या खड्यासाठीच प्यायचो. तो कडूपणा ज्या द्रव्याचा, ते अँड्रोग्राफोलाइड 1911 साली शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. सर्दी आणि घसादुखीवर किराईताच्या चाचण्या झाल्यात, लक्षणं थोडी हलकी होतात असं त्यांत दिसलं, पण त्यातल्या बऱ्याच लहान आहेत. थायलंडने 2020 च्या डिसेंबरात सौम्य कोविडसाठी ते वापरून पाहायला परवानगी दिली होती. म्हणजे हा नुसता आजीचा पाला नाही, यात औषध आहे. तिथेच आमचं चुकलं.

आमच्या ह्यांना मधुमेहाची गोळी चालू आहे. मी चार दिवस किराईताचं पाणी घेतलं आणि बंद केलं. ह्यांनी मात्र जुडी खुंटीवर दिसते म्हणून न विचारता रोज पेलाभर सुरू केलं, दहा-बारा दिवस. एका सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, उशिरा आला, पाव नाही म्हणून नाश्ता राहिला, गोळी मात्र घेतलेली. साडेनऊला घामाने बनियन ओलं आणि हात थरथरताहेत. यंत्रावर साखर 58. साखरेचं पाणी पाजलं, पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी गोळी हे एक कारण आहेच, पण किराईतही साखर उतरवू शकतं, दोन्ही एकत्र नकोत. रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची गोळी असेल त्यांनी, आणि गरोदर बायकांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये, असंही त्यांनी सांगितलं. काहींना याची जबर ॲलर्जी होते, ऑस्ट्रेलियातल्या औषध नियंत्रकांनी तसा इशाराही दिलेला आहे. म्हातारीने हे सांगावं अशी माझी अपेक्षा नाही. 180 रुपये घेऊन 'दुष्परिणाम नाही' छापणाऱ्याकडून मात्र आहे.

जुडीला पाचपैकी चार. डबीला एक, तोही झाकण घट्ट बसतं म्हणून. दुकानदाराने 'सील फोडलंय' म्हणून ती परत घेतली नाही. पूड मोगऱ्याच्या कुंडीत ओतली आणि डबीत आता मोहरी आहे. जुडी खुंटीवरून काढून माझ्या कपाटात ठेवलीय, किल्ली माझ्याकडे.