गेम ऑफ थ्रोन्स : शेवट चुकला नाही, मधले प्रसंग गाळले

(पुढे शेवट उघड केलेला आहे.)

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेत सिंहासनाची दावेदार डेनेरिसने ड्रॅगनवर बसून शहर जाळलं म्हणून आठव्या, म्हणजे शेवटच्या पर्वावर राग काढला जातो. तो राग चुकीच्या जागी निघतो. तिने जाळणं कथेत बसतं. बसत नाही तो तिथवर पोचायला दिलेला तोकडा वेळ. पहिली सहा पर्वं प्रत्येकी १० भागांची, सातवं ७ भागांचं आणि आठवं ६, असे एकूण ७३ भाग. वाहिनीची आणखी भाग द्यायची तयारी होती, हे निर्मात्यांनीच सांगितलेलं आहे. म्हणजे घाई त्यांची स्वतःची.

सगळ्यात मोठं नुकसान झालं ते जॉन स्नो या नायकाच्या जन्माच्या गुपिताचं. सहाव्या पर्वाच्या शेवटी त्याची आई कोण ते कळतं. सातव्याच्या शेवटी कळतं की आईबापांचं रीतसर लग्न झालं होतं आणि त्याचं खरं नाव एगॉन टारगेरियन, म्हणजे तो डेनेरिसच्याच राजघराण्यातला. पहिल्या भागापासून अनौरस म्हणून हिणवला गेलेला मुलगा खरा वारस निघतो आणि सिंहासनावर त्याचा हक्क डेनेरिसच्या आधीचा ठरतो. लेखकाच्या हाती यापेक्षा मोठं भांडवल ते काय असतं?

आता आठव्या पर्वाचा चौथा भाग नीट बघा. देववृक्षाजवळ चौघं जमलेत. जॉन सान्सा आणि आर्याला गुप्ततेची शपथ घालतो, मग त्यांच्या भावाला, ब्रानला म्हणतो, सांग त्यांना. आणि दृश्य तिथेच कापलं जातं. ज्या बहिणी त्याच्याबरोबर एका घरात वाढल्या, त्यांचे चेहरे आपल्याला दिसतच नाहीत. पुढे सान्सा डेनेरिसच्या सल्लागाराला, टिरियनला सांगायला तोंड उघडते, तिथेही कात्री. टिरियन आणि दुसरा सल्लागार व्हॅरिस यावर बोलताना दिसतात तेव्हा व्हॅरिसला सगळं कळून चुकलेलं असतं. एकाच भागात तीनदा! शिवाजी मंदिरात प्रेक्षक ज्या प्रवेशासाठी दोन अंक बसून राहिलाय, तो विंगेत उरकून टाकला तर प्रयोग पडतो. इथे तेच झालंय.

त्याहून वाईट म्हणजे शेवटची सभा. राजा निवडायला सगळे सरदार जमतात. जॉन जिवंत आहे, डेनेरिसला मारल्याबद्दल कैदेत आहे, सान्सा, आर्या, ब्रान, जॉनचा मित्र सॅम आणि टिरियन यांना त्याचा हक्क ठाऊक आहे, आणि एकही जण त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. सान्साने हक्क मांडायचा, डेनेरिसचा सेनापती ग्रे वर्म याने उघड युद्धाची धमकी द्यायची आणि जॉनने स्वतः नाकारायचं, एवढा तीन मिनिटांचा प्रसंग पुरला असता. शेवटी होतो तसा ब्रान राजा झाला तरी चाललं असतं, कारण मग जॉनचं उत्तरेला जाणं ही शिक्षा न राहता त्याची निवड ठरली असती.

मृतांच्या सैन्याचा म्होरक्या नाइट किंग, त्याचं थोडं वेगळं आहे. त्याला मारणारी आर्या, हे पेरलेलं होतं. सातव्या पर्वाच्या चौथ्या भागात ज्याने ती पुढे त्याला मारते तो खंजीर ब्रान तिला देतो आणि त्याच भागात ब्रिएन या लढवय्या बाईशी सराव करताना ती तो एका हातातून दुसऱ्या हातात सोडायचा डाव दाखवते. पेरणी चोख आहे. पण पहिल्या भागातल्या प्रेतांच्या मांडणीपासून परत परत दिसणाऱ्या त्या चक्राकार खुणांचं काय? त्यांचा अर्थ मालिकेत कधीच लागत नाही. ऐन लढाईत ब्रान मनाने कावळ्यांत शिरतो आणि त्यातून काहीही निष्पन्न होत नाही. डॉर्न या दक्षिणेकडच्या प्रांताबद्दल तर बोलूच नये. तिथल्या एलारियाला मुलीसमोर साखळदंडात सोडलं आणि कथा तिला विसरून गेली.

नाइट किंगबरोबरच्या लढाईचा भाग, म्हणजे आठव्या पर्वाचा तिसरा, बघताना एक काळजी घ्या. तो ८२ मिनिटांचा आहे आणि जवळजवळ सगळा अंधारात. २९ एप्रिल २०१९ला, मुंबईत लोकसभेचं मतदान होतं त्या सोमवारी, तो आपल्याकडे सकाळी साडेसहाला आला. तेव्हा इथे ऊन वर आलेलं असतं, त्यामुळे अनेकांना स्वतःच्या खोलीचं प्रतिबिंबच जास्त दिसलं. नेटवरून चित्र दाबून येताना गडद छटा आधी जातात आणि धुराचे चौकोनी ठिपके उरतात. म्हणून रात्री, दिवे मालवून आणि सर्वात वरच्या दर्जावर बघा. टीव्हीचा वीजबचत मोड बंद करा आणि सिनेमा मोड लावा. ब्राइटनेस मात्र भरमसाट वाढवू नका, काळं राखाडी होतं. विरार फास्टमध्ये खिडकीशी बसून मोबाइलवर तर अजिबात नको.

डेनेरिसकडे परत येऊ. पाचव्या भागात शरणागतीच्या घंटा वाजतात, तिचा चेहरा विस्कटतो, ड्रॅगन उडतो आणि तिथून भाग संपेपर्यंत तिचा चेहरा एकदाही दिसत नाही. खालून पळणाऱ्या माणसांच्या नजरेने जाळपोळ दाखवणं योग्यच होतं. पण तिची जिवलग मैत्रीण मिसांदेई हिच्या शिरच्छेदानंतर तिच्याबरोबर एकांतात काढलेला एक सबंध भाग हवा होता. तो नसल्यामुळे निर्णय तिचा न वाटता लेखकांचा वाटतो.

याच लोकांना हे जमत होतं. दुसऱ्या पर्वाचा दहावा भाग लावा. छप्पर उडालेला दरबार, वरून पांढरं काहीतरी पडतंय. डेनेरिस सिंहासनाकडे हात नेते, ड्रॅगनच्या पिल्लांचा आवाज येतो आणि ती मागे वळते. आठव्या पर्वाच्या शेवटच्या भागात तोच दरबार आहे, पडतेय ती राख आहे हे आता कळलेलं आहे, आणि या वेळी ती हात टेकवते.